खाली, बारीक अक्षरात

द्वारकेच्या पुलाखालून वडाळा नाक्याकडे वळलात
की डाव्या हाताला माझं दुकान.
एरवी रेडियमचं.
घंटागाडीवर आकडे, रिक्षाच्या काचेवर मुलींची नावं,
कांद्याच्या ट्रकमागे ‘सावकाश ये, भाकरी झाकून ठेवलीय’.
आचारसंहिता लागली
की कटर मशीनला झोप नाही.

आमच्या प्रभागात जागा चार, उमेदवार एकतीस,
आणि प्रत्येकाला फोटोत हात जोडलेलेच हवे.
अंगठ्या जरा कमी करा, म्हणतो मी.
काही जण करतात.
गाल उजळून देतो, मान बारीक करतो,
एकाच्या मागचं आभाळ दुसऱ्याला चिकटवतो,
आभाळ ओळखणारा कोणी भेटला नाही अजून.

नियम असा, की स्टिकरच्या तळाशी
मुद्रकाचं नाव हवं, पत्ता, प्रती किती.
म्हणजे वर कोणीही असो,
खाली मी:
मुद्रक – दौलत खैरनार, द्वारका. प्रती ५०००.
मुंग्यांची रांग जाईल, एवढ्या टायपात.
बायको म्हणते, सगळ्या पक्षांत असलेले तुम्ही एकटेच,
आणि एकाही घरचं जेवणाचं बोलावणं नाही.
पाच हजार हा आकडाही लिहिण्यापुरता.
खरा आकडा कटरला ठाऊक,
आणि रात्री गोण्या उचलून नेणाऱ्या पोरांना.

अशात एका दुपारी सुलोचना गांगुर्डे आल्या.
महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त,
अर्ध्या वस्तीला ह्यांनी डोस पाजलेले.
अपक्ष. चिन्ह शिट्टी.
पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून म्हणाल्या,
दोनशे करा. फोटो नको, शिट्टी पुरे.
मग चष्मा वर सारून,
गोंद कुठला वापरता हो?
मी म्हटलं, असला कडक, की बाई,
दार जाईल पण उमेदवार जाणार नाही.
त्या हसल्या नाहीत.
निघेल असा नाही का?
लोक दाराला वर्षातून एकदा रंग देतात.

तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.
निघणारा गोंद महाग पडतो, नगामागे चाळीस पैसे.
त्यांनी मनात हिशेब केला,
आणखी आठ नोटा ठेवल्या.
मोजून दोनशे कापले.
दोनशे एकावा चाचणीचा निघाला, तोही त्या घेऊन गेल्या.

निकालात त्यांना मतं पडली दोनशे बारा.
वरचे बारा कोण, ह्यावर चहाच्या टपरीवर
दोन दिवस वाद चालला.
निवडून आलेले अजून आहेत मीटरच्या पेट्यांवर,
उन्हानं निळे पडलेत, एकाचा नुसता चष्मा उरलाय,
पडलेलेही आहेत त्यांच्या शेजारी, कोपरे उचललेले.
सोसायटीचा वॉचमन ब्लेड आणि रॉकेल घेऊन बसतो,
नाक निघतं, हात निघत नाहीत.
शिट्टी मात्र एका दारावर नाही.

काल पखाल रोडची एक मुलगी आली,
कंपासपेटीवर नाव टाकायला.
झाकणावर आधीच काहीतरी होतं.
कुठून तरी सोलून, जपून, सरळ लावलेली शिट्टी.
काढू का ही? म्हटलं.
नको.
मी पेटी दिव्याखाली धरली,
तळाची ओळ वाचायला मला आता भिंग लागतं.
मुद्रक – दौलत खैरनार, द्वारका. प्रती २००.

माझ्या नावापुढचा
हा एवढा एकच आकडा…
पुलावरून कंटेनर गेला, शटर थरथरलं,
भिंग हातात तसंच राहिलं.

काका, जुईली लिहायचंय.
दोन्ही दीर्घ नाहीत हं, फक्त ‘ली’.
आणि मोठ्या अक्षरात.